डोळे मिटून ठेवलेलं बोट

सप्रेम सलाम. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. मधल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण देवाची इच्छा कशी ओळखावी हा त्यातला प्रश्न वर्षभरात जालना, बीड, परभणी अशा सगळ्या बाजूंनी निरनिराळ्या शब्दांत येत राहिला आणि मी तो पुढे ढकलत राहिले.

प्रश्न : बाई, मी जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहे. पाळी बारा तासांची, कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरी आलो की अंगावर पाणी घेतो, जेवतो आणि बायबल उघडलं की पहिल्याच ओळीवर डोळा लागतो. आमच्या घरसभेत सांगतात, पहाटे तासभर गुडघ्यावर राहिल्याशिवाय देवाची संगती मिळत नाही. रात्रपाळीला माझी पहाट भट्टीपुढंच होते. मी काय करावं?
— एक बंधू, जालना

उत्तर : भाऊ, झोप आली तर झोपा. एलीया संदेष्टा रानात थकून झुडपाखाली पडला आणि आता मरण आलेलं बरं म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, उठवून खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खाऊ घातलं. देवाचा आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर. बायबलातलं पहिलं राजे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. सुट्टीच्या दिवशी वाचा, घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

आणि कामावरची प्रार्थना म्हणाल, तर नहेम्या बघा. तो राजाचा प्यालेबरदार, म्हणजे तोही कुणाच्या तरी चाकरीतच होता. यरुशलेमेचा कोट पडल्याचं ऐकून त्याचं तोंड उतरलेलं होतं. राजानं विचारलं, तुझं मागणं काय? राजाचा प्रश्न आणि नहेम्याचं उत्तर, या दोहोंच्या मध्ये लिहिलंय की त्यानं स्वर्गाच्या देवाची प्रार्थना केली. राजा समोर उत्तराची वाट बघतोय. तिथं गुडघे टेकायला किंवा डोळे मिटायला सवड कुठली? एका श्वासाची प्रार्थना ती. पण त्याच्या आदल्याच अध्यायात तो कितीतरी दिवस उपास करत, रडत, देवापुढं बसला होता हेही लिहिलंय. म्हणून आठवड्याच्या सुट्टीत अर्धा तास काढा, बाकीचे सहा दिवस श्वासाच्या प्रार्थनेवर चालवा. भट्टीपुढं जाण्याआधी हातमोजे घालताच ना? डावा चढवताना घरच्यांची नावं घ्या, उजवा चढवताना शेजारी उभा राहणार असेल त्याचं. तो कोणत्या धर्माचा आहे ते बघू नका. पहाटे उठणाऱ्यांची पहाट त्यांना लखलाभ होवो. तुमच्या भट्टीपुढं देव उभा राहत नाही असं मात्र त्यांनी म्हणू नये.

प्रश्न : बाई, अंबड तालुक्यात आमची अडीच एकर मोसंबी आहे, सासऱ्यांच्या हातची. विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. बोअरला दोन वर्षं पाणी नाही. गेला उन्हाळा टँकर विकत घेऊन बाग जगवली. थोरल्याला वाळूजला कंपनीत काम मिळतंय. तो म्हणतो, सगळेच चला, बाग मोडू, जमीन विकू. सासूबाई झाडाला हात लावू देत नाहीत. मालक दोघांच्या मध्ये गप्प. देवाची इच्छा कळावी म्हणून मी उपास धरला आणि डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवलं. आलं, आपला देश सोड. मी मुलाला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा ठेवलं तर आलं, मिसर देशात जाऊ नको, याच देशात राहा. तिसऱ्या दिवशी नुसती नावं आली, हा त्याचा मुलगा आणि तो त्याचा मुलगा. त्यातच बाहेरगावचे एक प्रार्थना करणारे बंधू घरी आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, प्रभू सांगतो जमीन विका आणि दशांश आधी सेवेला द्या. माझा जीव थाऱ्यावर नाही. देव माझ्याशी खेळतोय का?
— एक भगिनी, अंबड तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. देव खेळत नाही. तुमच्या उपासाची त्यानं नोंद घेतली आहे हे आधी मनात धरा.

त्या बंधूंचं आधी निस्तरू. जो माणूस तुमची विहीर वाकून बघत नाही, सासूबाईंशी दोन शब्द बोलत नाही आणि जमीन विकल्यावर त्यातलं आपल्याकडे काय यावं एवढंच नेमकं सांगतो, त्याच्या तोंडी प्रभूचं नाव आलं म्हणून ते प्रभूचं बोलणं होत नाही. पवित्र शास्त्रानं ही सावधगिरी आपल्याला फार पूर्वी शिकवली आहे. पहिल्या राजे पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक म्हातारा संदेष्टा दुसऱ्या संदेष्ट्याला सांगतो की देवदूत माझ्याशी बोलला, तू माझ्या घरी जेवायला चल. पुढं सरळ लिहिलंय की तो खोटं बोलत होता. ऐकणाऱ्याचा त्यात जीव गेला. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, “सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.” पारख करणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हणालं तर त्याला हे वचन दाखवा. ते बंधू पुन्हा आले तर चहा द्या, आणि जमिनीचा विषय आमच्या पाळकसाहेबांसमोर बोलू म्हणा. जमिनीचे कागद कुणाच्या हाती देऊ नका.

आता बोटाचं. बोट मीही ठेवलेलं आहे. नवीनच शिक्षिका झाले होते, बदली घ्यावी की नाही कळत नव्हतं, आणि रात्री कंदिलापुढं डोळे मिटून पानं उलटली होती. म्हणून तुम्हाला रागावण्याचा मला हक्क नाही. घाबरलेलं माणूस असंच करतं. पण एक बघा. तुमचं बोट दोन्ही वेळा उत्पत्तीच्याच पुस्तकात पडलं. पहिलं वचन बाराव्या अध्यायातलं, अब्राहामाला सांगितलेलं. दुसरं सव्विसाव्यातलं, त्याच्या मुलाला, इसहाकाला सांगितलेलं. बापाला देव म्हणाला नीघ आणि मुलाला म्हणाला थांब. दोन्ही खरं, दोन्ही त्याच देवाचं. बोटाखालची ओळ तेवढी उचलली की ती भांडायला लागते. तिच्या मागचं आणि पुढचं वाचलं की गोष्ट कळते, आणि ताई, ती गोष्ट तुमच्या शिवाराची आहे.

दोन्ही अध्यायांत दुष्काळ आहे. अब्राहाम कनानात आला, दुष्काळ पडला आणि तो उठून मिसरात गेला. देवाला विचारून गेला असं कुठं लिहिलेलं नाही. तिथं भीतीपोटी बायकोला बहीण म्हणाला, मोठ्या घोटाळ्यात पडला, आणि तरी देवानं सारेला आणि त्याला तिथून सुखरूप बाहेर काढलं. इसहाकाच्या वेळी पुन्हा दुष्काळ. तो थांबला, त्यानं पेरलं आणि त्या साली शंभरपट पीक आलं. एवढंच वाचून कुणी म्हणेल, बघा, थांबणाऱ्याला आशीर्वाद मिळतो. पण पुढं वाचा. त्याच्या बापानं खणलेल्या विहिरी शेजाऱ्यांनी मातीनं बुजवून टाकल्या होत्या. इसहाकानं त्या उपसल्या. त्याच्या माणसांनी खोऱ्यात नवी विहीर खणली, झरा लागला, आणि तिथले गुराखी भांडायला उभे राहिले, पाणी आमचं. त्यानं ती सोडली. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण. तीही सोडली. तिसरी खणली, तिथं कुणी भांडलं नाही. तिचं नाव त्यानं रहोबोथ ठेवलं, म्हणजे ऐसपैस जागा, आणि म्हणाला, आता परमेश्वरानं आम्हाला जागा करून दिली.

विहिरीवरची भांडणं कशी असतात ते अंबड तालुक्यात मी सांगायला नको. मला तुमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडं वेधायचंय. या अध्यायात देव इसहाकाला दोनदा दर्शन देतो, सुरुवातीला गरारात आणि शेवटाकडे बैरशेबात. मधल्या तीन विहिरींच्या वेळी देव काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. कुठं खणायचं, कोणती सोडायची, कधी पुढं सरकायचं, हे इसहाकानं आपल्या अकलेनं आणि आपल्या माणसांना धरून ठरवलं. पहिल्या दोन विहिरी हातच्या गेल्या. म्हणून देवानं त्याला सोडलं होतं का? तिसऱ्या विहिरीशी उभा राहून त्यानं मागं बघितलं, तेव्हा त्याला देवाचा हात दिसला. आपल्यापैकी बहुतेकांना तो असाच दिसतो, मागं वळून बघितल्यावर.

माझ्या मायचं सांगते. १९७२ साली मी अकरा वर्षांची होते, भोकरदन तालुक्यात आमचं गाव. वडिलांना दमा. माय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. शाळेत आम्हाला सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. हातोडीनं बोटं फुटू नयेत म्हणून ती लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळून घ्यायची. संध्याकाळपर्यंत त्या चिंध्या रक्तानं आणि धुळीनं बोटाला चिकटून बसायच्या. मग ती पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात बुडवून बसे, चिंध्या सुटेपर्यंत. आमची घरची प्रार्थना तेव्हाच व्हायची. तिला हात जोडता येत नसत. हात पाण्यात, डोळे मिटलेले, मी कंदिलाशी वाचायची, कारण तिला अक्षर येत नव्हतं. पाणी हळूहळू लाल व्हायचं. मी वाचताना तिकडं बघायचं टाळत असे.

त्याच महिन्यांत चुलते बिऱ्हाड घेऊन मुंबईला निघाले. वहिनी, तुम्हीही चला, इथं काय राहिलंय, म्हणाले. माय आठ दिवस थांबली. पाळकसाहेबांना विचारलं, थोरल्या मामांना निरोप धाडून विचारलं, रोज पातेल्यापुढं देवाला विचारलं. नवव्या दिवशी चुलत्यांना म्हणाली, आम्ही राहतो. मी विचारलं, माय, देव काय म्हणला? ती म्हणाली, “काही नाही म्हणला, बाई. म्या एवढंच इचारलं, तुही आजी गाडीत बसंल का? ती नाही बसायची. मंग राहिलो.”

ताई, पुढं सगळं चांगलं झालं असं मला लिहिता येत नाही. बैलजोडी गेली. आजी पुढच्याच वर्षी वारली. चुलत्यांच्या मुलांना मुंबईत नोकऱ्या लागल्या, त्यांची घरं झाली. मायचा निर्णय बरोबर होता की चुकीचा, हे मी आता साठी ओलांडल्यावरही ठरवू शकत नाही. पण आजी परक्या गावी, अनोळखी माणसांत गेली नाही, मायच्या मांडीवर गेली. आणि त्या पातेल्यापुढं आमच्या घरात आणखी कुणीतरी बसलेलं असे, हे मी अकरा वर्षांची असतानाही जाणत होते. मायनं देवाकडं निकाल मागितला नाही. त्याला शेजारी बसवून घेतलं आणि डोळ्यांसमोर दिसत होतं ते काम उचललं.

म्हणून उपास सोडा आणि सगळ्यांना एका जागी बसवा, सासूबाईंनाही. त्यांचं झाड धरून बसणं हा हट्ट आहे असं समजू नका. मोसंबी लावल्यावर पाच-सहा वर्षं तिच्याकडं काही न मागता पाणी घालावं लागतं, तेव्हा कुठं ती द्यायला लागते. ती वर्षं त्यांच्या अंगावरून गेली आहेत. त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. मालकांनाही बोलतं करा, गप्प माणसाच्या पोटात बहुधा कर्जाचा आकडा असतो. मुलाला विचारा, काम कायमचं आहे की कंत्राटी, खोलीचं भाडं किती, हातात काय उरेल.

आणि मालकांना घेऊन एकदा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन या. बागेत आच्छादन करून, निम्मी झाडं ठेवून, ठिबकवर भागेल का, का खरोखरच दुसरं पीक घ्यायची वेळ आली आहे, ते जाणत्यांना विचारा. हेसुद्धा देवालाच विचारणं आहे. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाचा शेवट वाचा. कधी नांगरायचं, कुठं काय पेरायचं, जिरं गाडीच्या चाकाखाली मळायचं नाही, काठीनं झोडायचं, हे शेतकऱ्याला त्याचा देव शिकवतो, असं तिथं लिहिलंय. शेतीचं ज्ञान कुणाकडूनही आलं तरी देणारा तोच.

माझं मत विचारलं असतंत तर मी म्हणाले असते, थोरल्याला वर्षभर एकट्याला जाऊ द्या, जमीन विकू नका, फार तर काही भाग बटईनं द्या. विकलेली जमीन परत येत नाही, गेलेला मुलगा सणाला तरी घरी येतो. पण हे एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं मत आहे. प्रभू सांगतो असं मी म्हणणार नाही. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की ज्याला ज्ञान कमी पडतं त्यानं देवाजवळ मागावं, तो सर्वांना उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. दोष लावत नाही, ताई. तुम्ही त्याच्यापुढं बसून, घरच्यांना धरून, कुणाला न फसवता जे ठरवाल त्यात चूक झाली तरी तो हात सोडणार नाही. अब्राहामाचा सोडला नव्हता.

बायबल मात्र रोज उघडा. डोळे उघडे ठेवून, उत्पत्तीच्या बाराव्यापासून सव्विसाव्यापर्यंत, रोज एक अध्याय, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. पंधरा दिवस लागतील. तेवढ्यात घरातलं बोलणंही होईल.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते, माझं आजोळ बेथेलचं. शिबिरात उपासनेच्या वेळी सगळे रडतात, हात वर करतात, देव जवळ आलाय असं त्यांना जाणवतं. मला काहीच वाटत नाही. माझ्यात काय कमी आहे?
— एक युवती, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बेटा, तुझ्या आजोळाचंच नाव घेऊन सांगते. जालन्याजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. ब्राह्मण घरातला हा माणूस १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन पुढं आपल्या मराठवाड्यात आला. मांग-महार कुटुंबांना जिथं हक्काचं घर आणि पाणी मिळेल असं गाव त्यांना हवं होतं आणि त्याला त्यांनी बेथेल हे नाव दिलं, देवाचं घर. ते नाव मूळ कुणी ठेवलं? याकोबानं. कधी? बापाला फसवून, भावाच्या भीतीनं पळून जाताना, उघड्या माळावर धोंडा उशाला घेऊन झोपला तेव्हा. त्यानं प्रार्थना केल्याचं लिहिलेलं नाही, रडल्याचंही नाही. तो नुसता दमलेला होता. स्वप्न पडून जाग आल्यावर म्हणाला, खरोखर या ठिकाणी परमेश्वर आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्याला काही वाटलं नव्हतं तेव्हाही देव तिथं होताच.

शेजारच्या मुलीला रडू येतं ते खोटं समजू नकोस, आणि तुला येत नाही म्हणून ओढूनताणून आणू नकोस. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काळोख आहे, शेवटच्या ओळीतही. तरी ते देवाच्या लोकांनी गायला ठेवलं, गाळून टाकलं नाही. आणि आजोळी जाशील तेव्हा आजीला विचार, तिला देव पहिल्यांदा कधी जाणवला. शिबिरात की चुलीपुढं, की एखादं लेकरू तापानं फणफणलेलं असताना? ती काय म्हणते ते मला लिहून पाठव. पुढच्या अंकात जागा ठेवते.